पाहुणीचा तांब्या

जमीन पाहिली, बैलजोडी पाहिली, घरावरची कवेलं पाहिली, मुलगा हसला तेव्हा त्याचे दातही पाहून घेतले. विहिरीचं पाणी मात्र आमच्यापैकी एकानंही चाखलं नाही. शहाण्यांची जत्रा नुसती!

शालूच्या सोयरिकीसाठी आम्ही तेल्हाऱ्याच्या बाजूला, पूर्णेच्या अंगाच्या एका गावी गेलो होतो. मीही हट्टानं गेले होते, कारण आमच्या ह्यांचा, म्हणजे देवरावांचा, मला भरवसा नव्हता. समोरच्यानं दोनदा ‘राव’ म्हटलं की हा माणूस विरघळतो. तिथं आम्हाला तांब्याभर पाणी दिलं, ते गोड. मग चहा दिला, तोही गोड. त्या मुलखात पाहुण्याचं पाणी वेगळं आणि घरच्यांच्या न्हाण्याधुण्याचं वेगळं, हे कोण सांगणार? आणि आम्ही नांदगाव पेठचे माळी. आमच्या मळ्यातली विहीर खडीसाखर घातल्यासारखी. पाणी खारटही असू शकतं, हे आमच्या डोक्यात यावं तरी कुठून!

शालू रंगानं सावळी, नाकीडोळी बेताची. आईनं असं म्हणू नये, पण खोटं कशाला बोलू? केस मात्र असे, की अमरावतीच्या बाजारात मी फुलांची पाटी घेऊन बसले आणि ती शेजारी उभी राहिली की बाया वेणी विकत घ्यायच्या सोडून तिचीच वेणी बघत राहायच्या. त्यामागं माझे कष्ट होते. धारणीकडून जंगलातला माल घेऊन येणाऱ्या बाया बाजारात शिकेकाई आणत. ती मी कडक उन्हात वाळवायची, रिठे फोडून बिया काढायची, आवळकाठी आणि मूठभर मेथी घालून कुटायची. दर रविवारी पोरीला पाटावर बसवून कोमट काढा डोक्यावर घालायचा, बोटांनी चोळायचा आणि विहिरीच्या पाण्यानं धुऊन काढायचं. मग डालीवर केस पसरून खाली उदाचा धूर. शिकेकाईचा फेस काही फसफसून वर येत नाही, पण ती मळ काढते आणि तेल राखते. गरिबाला आणखी काय पाहिजे?

मुलगी बघायला शालूची सासू स्वतः आली होती. इंदूबाई तिचं नाव. उंच, हडकुळी, पदर कपाळापर्यंत ओढलेला, तोंडातून शब्द निघेल तर शपथ. तिनं शालूला ना स्वयंपाक विचारला ना शिवण. पाठीमागं जाऊन बसली आणि तिची वेणी दोन्ही हातांत धरून राहिली. किती वेळ! मला रागच आला. म्हटलं, बाजारात गाईची शेपटी धरून बघतात तशी बघतेय ही. पण मुलगा गोवर्धन चांगला होता, तेल्हाऱ्याच्या जिनिंगात तोलाईच्या कामावर होता, व्यसन नव्हतं. वैशाखात आम्ही अक्षता टाकल्या.

दिवाळीला शालू माहेरी आली. दारातच मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि हातात सुतळी आली. वेणी नव्हे, सुतळी. कोरडी, चिकट, टोकाला तांबूस.

“काय वो पोरी हे? डोस्क्याले काय लावून राहिली तू?”

“काईच नाई माय. पानीच तसं हाये तिथलं.”

मग तिनं सांगितलं. विहिरीचं पाणी खारं. साबण लावला की फेस येत नाही, नासलेल्या दुधासारख्या गाठी होतात आणि त्या केसांना डिंकासारख्या चिकटतात. डाळसुद्धा शिजत नाही त्या पाण्यात. म्हणून बाया डोक्याला धुण्याचा सोडा लावतात. गोडं पाणी वरच्या अंगाच्या एका गावाहून बैलगाडीत पिपं घालून येतं, ते पिण्याला आणि डाळीला. न्हायला गोडं पाणी मागणं म्हणजे तुपानं पाय धुण्यासारखं.

मी पंधरवडाभर त्या केसांवर राबले. जाताना शिकेकाईची पिशवी बांधून दिली आणि बजावलं, “हे पाह्य. शिकेकाई खाऱ्याच पान्यात उकय, खाऱ्याच पान्यानं धू. फेस नाई आला तरी भेऊ नोको. पन शेवटचा एक तांब्या गोड्या पान्याचा घे. येक तांब्या. म्हंजे मीठ केसात बसत नाई.”

“आत्याबाईले मांगू कशी?” सासूच्या आठवणीनं शालू खाली बघून म्हणाली.

शिकेकाई पिशवीत बांधून देता येते, पाणी कशात बांधून देऊ?

होळीच्या सुमारास गोवर्धन मालकाच्या कामानं अमरावतीला आला आणि आमच्याकडे जेवायला थांबला. पुरणाचा बेत केला. तो पाटावर बसता बसता म्हणाला, “मामी, आता तुमी शिकेकाई कुटत नोका जाऊ. आमचं काम झालं.”

“कावून जी?”

त्याच्या तोंडावर असा आनंद होता, की जणू घरात गोडी विहीरच लागली. अकोल्याच्या एका मोठ्या दुकानात तो बायकोसाठी शांपूची बाटली घ्यायला गेला होता. शांपू हे नावही मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. बाटलीवर मोकळ्या केसांच्या बाईचं चित्र होतं आणि किंमत ऐकून त्यानं ती दोन्ही हातांनी जपून परत ठेवली. तिथंच कपडे धुण्याची नवी पावडर आली होती. तो खाऱ्या पाण्याच्या गावचा आहे हे कळल्यावर दुकानदार म्हणाला, ही घेऊन जा, हिला कसलंही पाणी चालतं.

“अन् खरंच मामी, आमच्या त्या पान्यात भल्ला फेस! कोपरापर्यंत! सारी गल्ली पाहाले आली. आमच्या गावानं असा फेस जन्मात पायला नव्हता. मंग मी इचार केला, बाटलीतबी फेसच असते, हाबी फेसच. त्या चित्रातल्या बाईचे पैसे कायले द्या? दिली शालूले डोस्क्याले लावाले.”

माझी पोळी तव्यावरच राहिली. “जावाईबापू, ते कपड्याचं असते ना?”

“कपड्याचा मय निंघते मामी, तर केसाचा नाई निंघनार?”

“शालू काय म्हन्ते?”

“खुश हाये. पयल्या दिवशी तर फेस पाहून रडलीच.”

बोलण्यासारखं पुष्कळ होतं. जे धोतराचा मळ खरवडून काढतं ते कातडी ठेवील का, हे शेंबडं पोरही सांगेल. पण जावयाला शहाणपण शिकवणारी सासू आमच्या माळ्यांत अजून जन्माला यायची आहे. आणि त्याचा लोभ खोटा नव्हता, हीच तर अडचण. वाईट माणसाशी भांडता येतं. बायकोचे केस नीट व्हावेत म्हणून अकोल्याची दुकानं पालथी घालणाऱ्या माणसाशी काय भांडणार? मी त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली आणि तुपाची धार धरली.

तो गेल्यावर मी देवरावांवर सगळा राग काढला. ते शांतपणे पान खात म्हणाले, “शालूचे माय, देल्ली लेक अन् इकली गाय. तिच्या कासऱ्याले आपन हात लावू नाई.”

“गाय इकली तरी मानूस चारा-पानी इचारते!” मी म्हटलं.

पाडव्याच्या गाठ्या द्यायचं निमित्त करून मी एकटीच निघाले. पहाटेची अमरावतीची गाडी, मग अकोला, मग तेल्हाऱ्याची गाडी, मग फाट्यावरून पायी. पिशवीत शिकेकाई, गाठ्या, माझी भाकर. आणि पाण्यानं भरलेला, फिरकीच्या झाकणाचा तांब्या, कारण आमच्यात रीत आहे: नातवंडाचं तोंड पाहिल्याशिवाय आईबापानं लेकीच्या घरचं अन्न खायचं नाही की पाणीही प्यायचं नाही. चैत्राचं ऊन, गाडीचा पत्रा तापलेला. मूर्तिजापूर येईतो मी तांब्या अर्धा केला आणि अकोला येईतो रिकामा. तेच पाणी राखलं असतं तर! पण तहानेला पुढचं दिसत नाही, आणि मला त्या दिवशी तर काहीच दिसलं नाही.

शालू दारात आली ती डोक्यावरून घट्ट पदर घेऊन. माझ्यापुढं पदर! मी तिला माजघरात ओढलं आणि पदर मागं सारला.

कपाळावरचे केस मागं हटले होते. भांगाची रेघ बोटभर रुंद झाली होती आणि तिथली कातडी लाल, सोलवटलेली, ठिकठिकाणी खपल्या. वेणी उरली होती करंगळीएवढी. मी तिला पोटाशी धरलं.

“झोंबते का वो?”

“झोंबते.”

“मंग कायले लावते, बह्याड?”

“माय,” ती म्हणाली, “फेस येते ना. आपल्या घरी पाटावर बसल्यावानी वाटते. डोये मिटले का मले वाटते तूच चोयून राहिली.” आणि मग हळूच, “अन् त्यायनं येवढ्या हौसेनं आनली. नाई कशी म्हनू?”

एवढ्यात इंदूबाई आल्या. हातात पितळेचा घासलेला तांब्या, वर वाटी, वाटीत गुळाचा खडा. तांब्या माझ्यापुढं ठेवून उभ्या राहिल्या. तांब्याच्या अंगावर घामोळं आल्यासारखे थेंब दिसत होते. थंडगार. गोडं. माझा घसा करवतीनं कापल्यासारखा झाला होता. मी हात जोडले. “ईनबाई, रीत हाये.” त्यांनी मान हलवली. त्यांनाही ठाऊक होतं, पण पाहुणीपुढं तांब्या ठेवायचा ही त्यांचीही रीत.

मी कमरेला पदर खोचला. “ईनबाई, मले चूल पाह्यजे अन् घमेलं पाह्यजे. पोरीचं डोस्कं धुतो मी.”

त्यांनी दोन्ही दिलं. खाऱ्या पाण्यात शिकेकाई उकळली, गाळली, निववली. मागच्या अंगणात शालूला पाटावर बसवलं. मी बोटं जपून फिरवत होते, तरी ती मध्येच दचकायची. फेस नावालाच आला. शेजारच्या दोन बाया कुंपणावरून वाकून बघत होत्या. एक म्हणाली, “फेसच नाई आला वो बाई! मय कसा निंघन?” मी तिच्याकडं असं बघितलं की ती आत गेली.

खाऱ्या पाण्यानं धुऊन काढलं. आता शेवटचा तांब्या. मी इंदूबाईंकडं वळले. “येक तांब्या गोडं पानी द्या.”

त्या हलल्या नाहीत. पदराचं टोक चाळवत म्हणाल्या, “गाडी परवा यीन. पिपाचा बूड दिसून राह्यला. पोराचं दोन वकताचं प्याचं पानी हाये.” त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. त्याच गोष्टीनं मी आणखी हतबल झाले. कोणाच्या तोंडचं पाणी हिसकून मी माझ्या लेकीच्या डोक्यावर घालू?

पोरगी ओल्या केसांनी, मान खाली घालून बसलेली. उन्हानं तिच्या खांद्यावर पाण्याचे पांढुरके डाग पडायला लागले होते. मीठच ते. आणि मग मला माजघरातला तो तांब्या आठवला. गुळाच्या वाटीखाली झाकलेला.

मी आत जाऊन तो घेऊन आले. “ईनबाई, हे पानी माह्या नावाचं हाये ना?”

“हाये.”

“मले तर पेता येत नाई. मंग माह्या नावाचं पानी मी कुठीबी वतन.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग तोंड दुसरीकडं वळवलं, आणि तेवढ्यानं मला समजलं की त्या अडवणार नाहीत.

मी ते पाणी थेंबाथेंबानं सोडलं. आधी सोलवटलेल्या भांगावर, मग कानांमागं, मग खाली. शालूनं सुस्कारा टाकला. मी दुसऱ्या हातानं केस निपटत होते आणि माझ्या मुठीत केस येत होते, मुळासकट, निमूट, जणू त्यांचं तिथलं काम संपलं होतं. तांब्या अर्ध्या वेणीपर्यंत पुरला. टोकं तशीच राहिली. तांब्या उपडा करून मी झटकला, दोन थेंब पडले, संपलं. त्या क्षणी मला रडू कोसळलं. तहानेनं डोळ्यांतही पाणी नसेल असं वाटलं होतं, पण होतं.

गोवर्धन जिनिंगात होता. तो येईतो थांबले असते तर शेवटची गाडी गेली असती, आणि पाण्याच्या घोटाशिवाय रात्र काढण्याची माझी ताकद नव्हती. मी शालूला शपथ घ्यायला लावली की पावडर पुन्हा डोक्याला लावणार नाही. ती हो म्हणाली. माझ्या समाधानासाठी म्हणाली की खरंच, ते मला त्या दिवशीही ठरवता आलं नाही.

इंदूबाई मला फाट्यापर्यंत सोडायला आल्या. बाभळीच्या सावलीत पोचल्यावर त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि कपाळावरचा पदर मागं सारला. मी त्यांना पहिल्यांदाच डोक्यावर पदर नसताना बघत होते. डोक्यावर केस असे नव्हतेच. कानांजवळ चार पांढऱ्या बटा आणि मध्ये सोड्यानं जळलेली, चकचकीत कातडी.

“मीबी परतवाड्याकडची, ईनबाई. गोड्या पान्याची लेक,” त्या म्हणाल्या. “माही येनीबी कंबरेखाली होती. तुमच्या घरी शालूची येनी हातात धरली ना, तवा सोडवलीच नाई. मले ठावूक होतं हो पानी कसं हाये ते. सांगाले पाह्यजे होतं. पन वाटलं, या घरात येक येनी तरी पाहाले भेटन.”

मला चीड आली. खरंच आली. या बाईला माहीत होतं आणि तरी तिनं माझी पोर नेली! हात उचलावा इतकी आली. पण त्या डोक्याकडं बघून हात उचलायचा कुणावर? मी त्यांचा पदर पुन्हा कपाळापर्यंत ओढून दिला.

“पावडर मी कपड्यापाशी ठेवतो,” त्या पदर सावरत म्हणाल्या. “गोवर्धनालेबी मीच सांगतो. पन पानी माह्या हातात नाई. सुनेले न्हाले गोडं पानी देल्लं तर उद्या सारं गाव बोलन. पाहुनीच्या तांब्याले मात्र कोनी इचारत नाई. तुमी येत जा, ईनबाई. मी तांब्या भरून ठेवन. मोठा ठेवन. तुमी पेऊ नोका.”

एवढ्या लांबून, तीन गाड्या बदलून, तहानेनं जीभ टाळ्याला चिकटेस्तोवर यायचं आणि समोरचं पाणी प्यायचं नाही. माझ्या लेकीसाठी मला करता येण्यासारखं जगात एवढंच उरलं होतं. आणि मी येणार होते.

“दर महिन्याले येतो,” मी म्हटलं.

इंदूबाई पहिल्यांदाच हसल्या, पण ते हसू लगेच विरलं. “लवकर लवकर या मंग. शालूनं तुमाले सांगतलं नसन, लाजली असन. तिले दिवस गेले हायेत.”

पहिलं नातवंड! कुलदेवीला नवस बोलून मागितलेलं. मी इंदूबाईंचे दोन्ही हात धरले, हसले, आणि हसता हसताच त्यांच्या तोंडाकडं बघून मला कळलं त्या काय मोजत होत्या. बाळंतपणाला शालू माझ्याकडे येईल. तेवढे दिवस तिचं डोकं माझ्या हातात आणि माझ्या विहिरीत. मग बाळाला घेऊन ती इथंच परत येईल. मी बाळंतविडा घेऊन येईन, इंदूबाई तांब्या पुढं ठेवतील, आणि रीत फिटलेली असेल. नातवाच्या घरचं पाणी नाकारणं म्हणजे त्या घराचा अपमान. सारं गाव बघत असेल. मला ते प्यावंच लागेल, ओतता येणार नाही.

गाडी आली. मी चढले. इंदूबाई बाभळीखाली उभ्या होत्या, पदर कपाळापर्यंत.

अकोल्याच्या स्टँडवर नळाला तोंड लावलं. लोकांनी मागून ढकललं तरी मी हटले नाही. पाणी गोड होतं. शेजारची म्हातारी म्हणाली, “लय तहानली वो बाई. कुठून आली?”

“लेकीकडून,” मी म्हटलं.

“नातवंड हाये का?”

“होनार हाये.”

“मंग काय! आता लेकीकडलं पानी पेशीन पोटभर,” ती म्हणाली आणि माझ्या पाठीवर प्रेमानं थापटलं. मी नळ बंद केला आणि अमरावतीच्या गाडीकडं गेले.